बायबल : ऐकलेले आणि लिहिलेले

जगातील सर्वाधिक भाषांत अनुवादित झालेला ग्रंथ कोणता, असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत आला, तर आपल्यापैकी बहुतेकजण ‘बायबल’ हे उत्तर तत्काळ देतील. पण त्या ग्रंथात नेमके काय लिहिले आहे, हा पुढचा प्रश्न आला की आपली गाडी अडते. आदाम आणि हव्वा यांनी सफरचंद खाल्ले, तीन राजे उंटांवर बसून बाळ येशूला पाहायला आले, मग्दालीया मरीया ही वेश्या होती, ‘डोळ्याच्या बदल्यात डोळा’ हा बायबलचा न्याय, अशी आपली माहिती असते. ही माहिती आपण नाताळच्या भेटकार्डांवरून, चित्रपटांवरून आणि अभ्यासाला लावलेल्या इंग्रजी कवितांवरून गोळा केलेली असते. गंमत अशी की, वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी पहिल्या तीन बायबलमध्ये लिहिलेल्याच नाहीत, आणि चौथी लिहिलेली असली तरी तिचा अर्थ आपण समजतो त्याच्या जवळजवळ उलट आहे.

अशा गैरसमजांना केवळ बिगरख्रिस्ती लोकच बळी पडतात असे मात्र नाही. युरोप-अमेरिकेतील ख्रिस्ती समाजातही ते शतकानुशतके रूढ आहेत. किंबहुना आपल्याकडे ते तिकडूनच आले. प्रस्तुत लेखाचा हेतू धर्मप्रचार हा नाही आणि धर्मखंडन हाही नाही. एखाद्या ग्रंथाविषयी बोलायचे, तर त्यात काय आहे व काय नाही एवढे तरी ठाऊक असावे, एवढाच मर्यादित हेतू आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला तर हे ज्ञान अपरिहार्यच म्हटले पाहिजे.

एक ग्रंथ नव्हे, ग्रंथसंग्रह

पहिला गैरसमज ग्रंथाच्या स्वरूपाविषयीचाच आहे. बायबल हे एका लेखकाने एका वेळी लिहिलेले पुस्तक नव्हे. ज्या ग्रीक शब्दापासून हे नाव आले, त्याचा अर्थच मुळी ‘पुस्तके’ असा अनेकवचनी आहे. प्रॉटेस्टंट पंथीयांच्या बायबलात जुन्या कराराची ३९ व नव्या कराराची २७ अशी ६६ पुस्तके असतात. कॅथलिक बायबलात जुन्या कराराची ४६ पुस्तके धरून एकूण संख्या ७३ होते. त्यात इतिहास आहे, कायदे आहेत, वंशावळी आहेत, प्रेमकाव्य आहे, म्हणी आहेत आणि पत्रेही आहेत. ह्या पुस्तकांची रचना अनेक शतके चालू होती. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत असून त्यातील काही भाग अरेमाइक भाषेत आहे. नवा करार ग्रीक भाषेत आहे. त्यामुळे ‘बायबल असे म्हणते’ हे विधान करण्यापूर्वी बायबलातील कोणते पुस्तक, कोणाच्या तोंडी आणि कोणत्या प्रसंगी, असे तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. महाभारतातील दुर्योधनाचे वाक्य उचलून कोणी ‘व्यासांचे मत’ म्हणून सांगू लागला, तर आपण त्याला हसू. तोच न्याय येथेही लावला पाहिजे.

मराठी वाचकाला तर हा ग्रंथ परका राहण्याचे काही कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स याने बायबलमधील कथा घेऊन सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. विल्यम कॅरीच्या श्रीरामपूर येथील छापखान्यातून १८११ साली नव्या कराराचा मराठी अनुवाद बाहेर पडला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून, हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, संपूर्ण बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला. १९२२ साली त्यांचे निधन झाले, आणि १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे मूळ मजकूर आपल्याच भाषेत हाताशी असताना आपण ऐकीव गोष्टींवर विसंबून आहोत.

चित्रकारांनी व कवींनी घातलेली भर

उत्पत्ती ह्या पहिल्या पुस्तकात एदेन बागेतील निषिद्ध झाडाची कथा आहे. तेथे ‘फळ’ एवढाच शब्द आहे. ते कोणते फळ, हे सांगितलेले नाही. ज्यू पंडितांनी द्राक्ष, अंजीर, इतकेच काय, गहूसुद्धा सुचवला आहे. आदाम व हव्वा यांनी नंतर अंजिराची पाने शिवून अंग झाकले असे वर्णन असल्यामुळे अंजिराच्या बाजूचा मुद्दा काही कमजोर नाही. मायकेलँजेलोने सिस्टिन चॅपेलच्या छतावर जे झाड रंगवले, ते अंजिराचेच आहे. सफरचंदाचा प्रवेश झाला तो पश्चिम युरोपात. लॅटिन भाषेत ‘पाप’ किंवा ‘वाईट’ या अर्थाचा शब्द आणि ‘सफरचंद’ या अर्थाचा शब्द लिहिताना सारखेच दिसतात. ह्या श्लेषाचा हातभार लागला असावा असे मानतात. पुढे चित्रकारांनी सफरचंद रंगवले, मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ (१६६७) ह्या महाकाव्यातही ते आले, आणि मग ते कायमचेच चिकटले. त्याच कथेतील सापाला उत्पत्तीच्या पुस्तकात सैतान म्हटलेले नाही. तो सर्व प्राण्यांत धूर्त होता एवढेच तेथे म्हटले आहे. सैतानाशी त्याची सांगड नंतरच्या काळात घातली गेली.

तीन राजांचेही तसेच. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेल्या ‘मागी’ लोकांचा उल्लेख आहे. मागी म्हणजे ग्रहताऱ्यांचा अभ्यास करणारे ज्ञानी लोक. ते राजे नव्हेत. ते किती होते, हे मत्तय सांगत नाही. सोने, ऊद व गंधरस अशा तीन भेटी त्यांनी दिल्या, त्यावरून माणसेही तीन असावीत असे लोकांनी ठरवले. पूर्वेकडील काही ख्रिस्ती परंपरांत त्यांची संख्या बारा मानतात. शिवाय ते गोठ्यात आलेच नाहीत. मत्तयच्या म्हणण्याप्रमाणे ते घरात आले. गव्हाणी आणि मेंढपाळ हे लूकच्या शुभवर्तमानातले. आपण भेटकार्डावर पाहतो ते चित्र म्हणजे दोन वेगवेगळ्या लेखकांची वर्णने एकत्र करून तयार केलेला देखावा आहे. येशूच्या जन्माची तारीखही बायबलात कोठेच नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकात रूढ झाला. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारी हाच दिवस पाळते.

योना ह्या संदेष्ट्याला देवमाशाने गिळले, ही कथा अशीच सर्वश्रुत आहे. मूळ हिब्रूत ‘मोठा मासा’ एवढेच शब्द आहेत. पण येथे माशाच्या जातीपेक्षा मोठी चूक दुसरीच आहे. लोकांना मासा आठवतो आणि कथा विसरते. निनवे हे योनाच्या लोकांच्या शत्रूंचे शहर. तेथे जाऊन इशारा देण्याचे काम त्याच्यावर येते, ते टाळण्यासाठी तो पळतो, आणि म्हणून पुढचा सारा प्रकार घडतो. शेवटी तो निनवेला जातो, तेथील लोक पश्चात्ताप करतात आणि शहर वाचते. ते वाचले म्हणून योनाला राग येतो! त्याच्यावर सावली धरणारे एक रोप सुकून जाते, तेव्हा तो हळहळतो. त्यावर देव त्याला विचारतो की, तुला एका रोपट्याचा कळवळा येतो, तर मग ज्या शहरात एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे आहेत, त्याचा कळवळा मला येऊ नये काय? ह्या प्रश्नावर पुस्तक संपते. शत्रूंच्या मुलामाणसांविषयी आणि जनावरांविषयीसुद्धा करुणा बाळगावी, असे सांगणारी ही छोटीशी कथा आपण माशाच्या पोटातच सोडून आलो आहोत.

बायबलात नसलेली ‘बायबलवचने’

काही वचने बायबलमधील म्हणून बिनदिक्कत सांगितली जातात. ‘जो स्वतःला मदत करतो, त्याला देव मदत करतो’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. आपल्या ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ह्या म्हणीशी जुळत असल्यामुळे ते आपल्याला पटकन पटते. पण ते बायबलात नाही. तशाच आशयाचे तात्पर्य इसापनीतीतील चिखलात रुतलेल्या गाडीच्या गोष्टीला आहे, आणि बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ सालच्या आपल्या पंचांगात ते वाक्य छापल्यामुळे ते घरोघर पोचले. स्वच्छता व देवभक्ती यांचा शेजार सांगणारे, शाळांच्या भिंतींवर रंगवलेले वाक्यही बायबलचे नव्हे. ते प्रसिद्ध झाले जॉन वेस्ली ह्या अठराव्या शतकातील धर्मोपदेशकामुळे.

कधी वाक्य असते, पण त्यातला एखादा शब्द गळतो. ‘पैसा हे सर्व पापांचे मूळ’ असे बायबल सांगते, हा समज त्यातलाच. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोष दिला आहे तो पैशाच्या लोभाला, पैशाला नव्हे. एक शब्द गळाला की उपदेशाचा रोख मनावरून वस्तूवर जातो, आणि लोभी माणूस सुटतो!

अनुवादातील एका शब्दाने केवढा घोटाळा होतो, ह्याचे उदाहरण रोममध्ये संगमरवरात उभे आहे. मायकेलँजेलोने घडवलेल्या मोशेच्या भव्य पुतळ्याला डोक्यावर दोन शिंगे आहेत. निर्गम ह्या पुस्तकात मोशे पर्वतावरून खाली आला तेव्हा त्याच्या मुखावर तेज झळकत होते, असे वर्णन आहे. हिब्रू लिपीत त्या काळी स्वरचिन्हे लिहीत नसत. ‘झळकणे’ ह्या अर्थाचे क्रियापद आणि ‘शिंग’ ह्या अर्थाचे नाम यांची व्यंजने तीच आहेत. जेरोमने लॅटिन अनुवाद करताना शिंगांचा अर्थ घेतला, आणि त्यानंतर कित्येक शतके युरोपातील कलावंत मोशेला शिंगे देत राहिले.

सुईचे नेढे

श्रीमंताचा देवाच्या राज्यात प्रवेश होण्यापेक्षा सुईच्या नेढ्यातून उंट जाणे सोपे, ह्या आशयाचे येशूचे वचन मत्तय, मार्क व लूक ह्या तिघांनीही नोंदवले आहे. त्याचा एक ‘खुलासा’ प्रवचनांतून व टीपांतून वारंवार ऐकायला मिळतो. यरुशलेमच्या तटाला ‘सुईचे नेढे’ नावाचा एक बुटका दरवाजा होता. उंटाच्या पाठीवरचे ओझे उतरवून त्याला गुडघ्यांवर बसवले, तर तो त्यातून कसाबसा जाऊ शके, असा तो खुलासा. ऐकायला छान वाटतो. अडचण एवढीच की, असा दरवाजा असल्याचा कोणताही पुरावा सापडलेला नाही, आणि हा खुलासा येशूनंतर अनेक शतकांनी, मध्ययुगात पुढे आलेला आहे. ग्रीक भाषेत ‘उंट’ आणि ‘जाड दोर’ हे शब्द जवळचे असल्यामुळे मूळ शब्द दोर असावा, असेही काहींनी सुचवून पाहिले.

पण मूळ प्रसंग वाचला म्हणजे हे सारे खुलासे का करावे लागले ते कळते. एक धनिक येशूकडे येतो. आपले सर्व विकून गोरगरिबांना देण्यास येशू त्याला सांगतो आणि तो खिन्न होऊन निघून जातो. त्यानंतर येशू हे वचन उच्चारतो. ते ऐकून शिष्य थक्क होतात आणि मग तारण होणार तरी कोणाचे, असे विचारतात. दरवाजा नुसता बुटका असता तर शिष्यांनी थक्क होण्याचे कारण काय? माणसाला हे अशक्य आहे, पण देवाला सर्व शक्य आहे, असे येशूचे उत्तर आहे. बॅबिलोनच्या ज्यू पंडितांच्या ग्रंथांत अशक्य गोष्टीसाठी सुईच्या नेढ्यातून हत्ती जाण्याची उपमा येते. म्हणजे ही बोलण्याची एक परिचित रीतच होती. उंट हा उंटच आहे आणि सुई ही सुईच आहे. टोचणारे वचन बोथट करण्यासाठी कोणीतरी तटात दरवाजा पाडला, इतकेच.

डोळ्याच्या बदल्यात डोळा

सूडाचे समर्थन करताना हे वचन हटकून वापरले जाते. ते जुन्या करारात आहे, हे खरे. पण ते कायद्याच्या प्रकरणांत आलेले आहे, आणि कायदा कोणत्या परिस्थितीत झाला ते पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही. ज्या समाजात एका जखमेबद्दल सारे कुटुंब कापून काढीत, त्या समाजाला हा कायदा सांगतो की, नुकसान जेवढे तेवढीच शिक्षा. त्याहून जास्त नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात लामेख नावाचा मनुष्य आपण सत्त्याहत्तरपट सूड घेऊ अशी बढाई मारतो. त्या सत्त्याहत्तराला एकावर आणणारा हा नियम आहे. तो सूडाची आज्ञा करीत नाही, सूडाला लगाम घालतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना येथे हम्मुराबीच्या संहितेची आठवण होईल. इ. स. पूर्व अठराव्या शतकातील ह्या बॅबिलोनी संहितेत हेच तत्त्व आहे. पण ते प्रतिष्ठित नागरिकाच्या डोळ्यापुरते. कनिष्ठ दर्जाच्या माणसाचा डोळा फोडला तर चांदीच्या रूपाने दंड भरला की काम भागे, आणि गुलामाचा फोडला तर त्याच्या निम्म्या किमतीत. निर्गमच्या पुस्तकात मात्र, मालकाने आपल्याच गुलामाचा डोळा किंवा दात घालवला, तर त्या गुलामाला मुक्त केले पाहिजे असा नियम आहे. देशी व परदेशी यांना एकच कायदा, असे लेवीय ह्या पुस्तकात ह्याच संदर्भात बजावले आहे. पुढील ज्यू धर्मशास्त्र्यांनी तर ह्या नियमाचा अर्थ प्रत्यक्ष डोळा काढणे असा न घेता नुकसानभरपाई देणे असा लावला.

येशूने डोंगरावरील प्रवचनात ह्याच नियमाचा उल्लेख करून प्रतिकाराची ती मर्यादित मुभाही नाकारली, हे सर्वांना ठाऊक आहे. महात्मा गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे की, जुना करार वाचताना त्यांना झोप येई, पण डोंगरावरील प्रवचन थेट अंतःकरणाला भिडले. लामेखच्या बढाईचाही येशूने जणू हिशेब चुकता केला. किती वेळा क्षमा करावी, असे पेत्राने विचारले तेव्हा त्याने जो आकडा सांगितला, तो सूडाच्या त्या जुन्या आकड्याची आठवण करून देणारा आहे. लामेखपासून मोशेपर्यंत आणि मोशेपासून येशूपर्यंत असा हा प्रवास आहे. त्यातला मधलाच टप्पा उचलून ‘हा बायबलचा न्याय’ म्हणणे योग्य नव्हे.

एका स्त्रीची बदनामी

आतापर्यंतच्या गैरसमजांनी फारसे कोणाचे बिघडले नसेल. पण मग्दालीया मरीयेच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. ती वेश्या होती आणि येशूने तिला पापमुक्त केले, असे चित्रांत, कादंबऱ्यांत व नाटकांत आपण पाहतो. बायबलात ह्याला कोठेही आधार नाही. लूकच्या आठव्या अध्यायात येशूबरोबर हिंडणाऱ्या व स्वतःच्या पैशाने त्या मंडळींचा खर्च चालवणाऱ्या स्त्रियांत तिचे नाव आहे. तिच्यातून सात भुते निघाली होती, असे तेथे म्हटले आहे. त्या काळच्या भाषेत हे आजाराचे वर्णन आहे, दुर्वर्तनाचे नव्हे. त्याच्या आधीच्या अध्यायात एक पापी स्त्री येशूचे पाय अश्रूंनी धुते. पण तिचे नाव दिलेले नाही, आणि ती वेश्या असल्याचेही स्पष्ट म्हटलेले नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या पायांना सुगंधी तेल लावणारी मरीया ही बेथानी गावची, म्हणजे आणखी तिसरीच.

इ. स. ५९१ च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात ह्या तिघी एकच असल्याचे सांगितले, आणि पश्चिमेकडे तेच प्रमाण झाले. पूर्वेकडील चर्चने तिघींना नेहमीच वेगळे मानले. १९६९ साली रोमन कॅथलिक चर्चने आपल्या दिनदर्शिकेत सुधारणा करून मरीयेवरचा हा शिक्का काढला, आणि २०१६ साली २२ जुलै ह्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. मधल्या चौदाशे वर्षांत मात्र तिचे नाव ‘पतित स्त्री’ ह्या शब्दाचा पर्याय होऊन बसले. आयर्लंडमध्ये अविवाहित माता आणि निराधार मुली यांना ज्या संस्थांत ठेवून धुलाईचे काम बिनपगारी करून घेत, त्या ‘मॅग्डलीन’ ह्याच नावाने ओळखल्या जात. त्यातील शेवटची १९९६ साली बंद झाली, आणि २०१३ साली आयर्लंडच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल संसदेत क्षमायाचना केली.

आणि चारही शुभवर्तमाने तिच्याविषयी एकमुखाने काय सांगतात? पुरुष शिष्य पांगले असताना रविवारी पहाटे येशूच्या कबरेपाशी ती गेली होती. योहान सांगतो की, पुनरुत्थित येशू प्रथम तिला दिसला आणि ती बातमी इतरांना सांगण्याचे काम त्याने तिच्यावर सोपवले. साक्षीदार म्हणून तिचे स्थान पहिले. लोकांच्या स्मरणात मात्र ती केस मोकळे सोडून रडणारी पापिणी म्हणूनच राहिली.

एका शापाचा व्यापार

शेवटचे उदाहरण सर्वांत गंभीर आहे. जलप्रलयानंतर नोहा मद्य पिऊन आपल्या तंबूत उघडा पडला. त्याचा मुलगा हाम याने ते पाहिले. शुद्धीवर आल्यावर नोहाने शाप दिला, अशी कथा उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात आहे. शाप कोणाला? हामला नव्हे, तर हामचा मुलगा कनान याला. शाप उच्चारणारा देव नसून नोहा आहे. आणि कातडीच्या रंगाचा तर साऱ्या प्रकरणात एका अक्षरानेही उल्लेख नाही. असे असूनही ‘हामचे वंशज म्हणजे आफ्रिकेतील काळे लोक, आणि गुलामी हा त्यांना मिळालेला ईश्वरी शाप’ असा अर्थ काढला गेला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागातील गुलामांचे मालक व त्यांचे धर्मोपदेशक हा दाखला उजळ माथ्याने देत.

ग्रंथात नसलेले घालता येते, तसे असलेले काढताही येते. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडिजमधील गुलामांसाठी बायबलची एक खास आवृत्ती छापली गेली. इजिप्तच्या गुलामगिरीतून मोशेने आपल्या लोकांना सोडवून नेल्याचा भाग तीतून वगळला होता. ख्रिस्ताच्या ठायी दास व स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे पौलाचे सांगणेही वगळले होते. मालकांच्या आज्ञेत राहा, हा उपदेश मात्र ठेवला होता! परंतु गुलामांनी मोशेची कथा ऐकलीच, आणि तिची गाणी केली. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्या अखेरच्या भाषणात जो पर्वत व जी वचनभूमी सांगितली, ती मोशेच्याच कथेतली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. धर्मग्रंथाच्या नावाने माणसाला जन्मावरून हीन ठरवण्याचा प्रकार त्यांच्या ओळखीचा होता.

तात्पर्य

ही सर्व उदाहरणे एकत्र पाहिली म्हणजे गैरसमजांची उगमस्थाने लक्षात येतात. काही गैरसमज चित्रकारांच्या व कवींच्या कल्पनेतून आले. ते निरुपद्रवी आहेत आणि काही सुंदरही आहेत. काही अनुवादातल्या चुकीतून आले. काही मात्र सोयीतून आले. श्रीमंताला नेढे रुंद करून हवे होते, सूड घेणाऱ्याला शास्त्राधार हवा होता, मालकाला शाप हवा होता. पहिल्या दोन प्रकारचे गैरसमज शब्दकोश आणि टीपा वाचून दूर होतात. तिसऱ्या प्रकारचे इतक्या सहजी जात नाहीत, कारण ते दूर होऊ नयेत अशी कोणाची तरी इच्छा असते.

हा धडा एकट्या बायबलपुरता नाही, हे सुज्ञ वाचकांना सांगण्याची गरज नाही. कोणत्याही धर्माचा ग्रंथ असो, ‘आमच्या ग्रंथात असे लिहिले आहे’ किंवा ‘त्यांच्या ग्रंथात तसे लिहिले आहे’ असे कोणी आवाज चढवून सांगू लागला, तर त्याला नम्रपणे एवढेच विचारावे की, कोठे लिहिले आहे, ते पान उघडून दाखवता का? आणि त्या पानाच्या मागचे व पुढचे पान आपण स्वतः वाचावे. ह्यासाठी श्रद्धा लागत नाही आणि अश्रद्धाही लागत नाही. वाचनालयाच्या कपाटापर्यंत चालत जाण्याची तयारी मात्र लागते.